दोन पिस्टन आणि वाळूचं पोतं

दिल्ली-आग्र्याला जाऊन आलेली माणसं प्रवासाचं लिहितात. मी गेलो लोधिवलीला, कर्जतला आणि शेवटी कोंडाण्याला. सगळं मिळून दोन तालुके, खालापूर आणि कर्जत. सोबत कापडी पिशवीत मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचा ब्रेक. विहारात ही हकीकत सांगितली तेव्हा मंडळी म्हणाली, काशिनाथबाबा, हे लिहून काढा, आपल्यातलं कोणी असल्या कामाला एवढं हिंडलेलं नाही. शाळा माझी थोडकीच झाली. त्यामुळे बोलतो तसंच लिहिलंय. गोड करून सांगायला मला कधी आलं नाही. माझी बायको सुभद्रा त्यावरून जन्मभर मला बोलत आली. आता बोलायला ती नाही. उन्हाळ्यात कावीळ झाली आणि गेली.

खोपोली

आधी गाडीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गाडी विलायती आहे. मी कारखान्यात बॉयलरवर होतो तेव्हा यंत्रं बसवायला आलेल्या एका गोऱ्या साहेबानं ती बोटीतून आणली होती. तिच्या डाव्या अंगाला एका चाकाची डोली जोडलेली आहे, त्यात एक माणूस पाय पसरून बसतो. तिथं साहेबाची मडम बसायची. गाडी पुसायचं, तेलपाणी बघायचं काम माझ्याकडे. साहेब मायदेशी गेला तेव्हा गाडी माझ्या दारात लावून गेला, वर ब्रेकच्या रबरी कड्यांचा एक पत्र्याचा डबा दिला. तेव्हापासून ती माझी.

हिचा पुढचा ब्रेक आपल्याकडच्या गाड्यांसारखा नाही. ड्रम नाही, लायनर नाही. चाकाला लोखंडी ताटली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पिस्टन, लहान वाटीएवढा. लिव्हर दाबला की तेलाच्या जोरानं दोन्ही पिस्टन पुढे येतात आणि ताटली चिमटीत धरतात. ज्या ओतीव बिडाच्या पेटीत ते बसतात तिला कॅलिपर म्हणतात. पिस्टन अडकला तर ब्रेक लागत नाही, नाहीतर लागला की सुटत नाही. दुसरं जास्त वाईट.

आता आक्काचं. दसऱ्याला आमचा धम्मदीक्षेचा दिवस. आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा सुभद्रा आणि तिची थोरली बहीण रखमाआक्का हात धरून उभ्या होत्या. तेव्हापासून दर वर्षी ध्वज चढताना आक्का खोपोलीच्या विहारात पाहिजे, हे ठरलेलं. आक्का कोंडाण्याला एकटी राहते. तिला चालवत नाही आणि तिला एसटी लागते. एसटीच काय, बंद टपाची कुठलीही मोटार लागते. कर्जतपर्यंत पोचेतो आतडी बाहेर येतात. डोलीत मात्र वारा लागतो म्हणून काही होत नाही.

जाताना डोलीत सुभद्रा बसायची. येताना डोलीत आक्का, सुभद्रा माझ्या मागे. डोलीच्या गाडीची एक खोड असते. डाव्या वळणाला डोलीचं चाक उचलतं. बसलेल्या माणसाला गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला कलावं लागतं. आक्काचे डोळे अधू, तिला वळण दिसत नाही. म्हणून सुभद्रा मागून हात लांबवून तिच्या खांद्यावर ठेवायची. हात पडला की आक्का कलायची. वळण संपलं की हात निघायचा. अख्खा रस्ता दोघींचं हे चालायचं, मला काही बोलावं लागायचं नाही.

दवाखान्यात सुभद्रा मला म्हणाली, “दसऱ्याला आक्काला आणायचं सोडू नका.” दुसरं तिनं काही मागितलं नाही.

पावसाळाभर गाडी कांबळ्याखाली उभी होती. नवरात्र अर्ध्यावर आलं तेव्हा बाहेर काढली तर पुढचं चाक फिरेना. कॅलिपर उघडला. पिस्टनवरचा क्रोम पोपडे धरून निघालेला, खाली गंजाचे खड्डे. हात लावला तर क्रोमची पापडी नखात आली. हे पिस्टन परत घालण्यात अर्थ नव्हता.

आमच्या नाक्यावरच्या मेकॅनिकनं सल्ला दिला की पुढचा ब्रेक काढून फेका, मागच्यावर चालवा, या वयात पळवायची कुठं आहे. मी म्हटलं, पळवायची नाही, थांबवायची आहे. त्याला राग आला. मग नळांना आणि सायकलच्या हँडलांना क्रोम चढवणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, आरशासारखे करून देतो. मी विचारलं, खालचे खड्डे बुजतील का. तो म्हणाला, दिसणार नाहीत. न दिसणारे खड्डे मला नको होते. पिशवी उचलली आणि हायवेची वाट धरली.

लोधिवली

मुंबई-पुणे रस्त्यावर चौकजवळ लोधिवलीला भंगाराची दुकानं आहेत. घाटात फुटलेला, उलटलेला, जळलेला प्रत्येक ट्रक शेवटी तिथं येतो. एसटीत एक भानगड झाली. कॅलिपरमध्ये उरलेलं तेल पिशवीतून गळलं आणि शेजारच्या बाईच्या वहाणांवर पडलं. ती बाई खालापूरचा फाटा येईस्तोवर माझा उद्धार करत होती. मी पुसून दिलं, तरी ती थांबली नाही. त्याच पिशवीत माझी भाकरी होती, तीही गेली. तसं तिचं फार वाईट वाटलं नाही. मी थापलेली भाकरी एका बाजूला कच्ची आणि एका बाजूला काळी असते.

म्हणून ढाब्यावर उसळ-पाव खाल्ला. तिखट जाळ, पण गरम. ट्रकवाले बाजेवर पाय वर घेऊन बसले होते. कोणी जात विचारत नाही तिथं, घाट मोकळा आहे का एवढंच विचारतात. माझ्या तरुणपणी याच रस्त्याला हॉटेलात आमच्यासाठी कपबशी वेगळी असायची, खिडकीच्या बाहेर पालथी घातलेली. आपलं आपण धुवायचं आणि परत पालथं घालायचं. मी पाव खाताना ती खिडकी शोधत होतो. आता तिथं टायर रचलेत.

भंगारवाला कासीमभाई जाडजूड, हसरा माणूस. त्यानं माझा पिस्टन घेतला, एका डब्यात हात घातला आणि अंदाजानं एक अल्युमिनियमचा पिस्टन काढून शेजारी ठेवला. ट्रकच्या ब्रेकमधला. रुंदी जवळजवळ तीच. उंची किंचित जास्त होती, ती त्यानं तिथंच कापून घासून दिली.

“चाचा,” तो म्हणाला, “माल भरलेला ट्रक रुकता है इसपे. आपकी फटफटी क्या चीज है.”

मी कॅलिपरात घालून पाहिला. बोटानं दाबला की आत जाई, ओढला की बाहेर येई. गंज धरणार नाही, हलका, तयार. दसरा दारात आलेला. घेतले. तिथंच चुकलो, पण ते घाटात कळलं.

घाटाच्या पायथ्याशी

घरी कड्या बदलल्या, पिस्टन बसवले. तेल भरलं की त्यातली हवा काढावी लागते. ते दोन माणसांचं काम. एकानं लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली नट सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे. इतकी वर्षं लिव्हर सुभद्रा दाबायची. पदर खोचून, तोंड वाकडं करून, हाताला तेल लागतं म्हणून कुरकुरत. या खेपेला सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लिव्हर बांधला. खाली बसलो, पाना लावला आणि सवयीनं म्हटलं, “दाब.” मग उठलो, थोडा वेळ आत जाऊन बसलो आणि परत येऊन काम पुरं केलं.

रिकामी डोली डाव्या वळणाला उचलते, म्हणून नदीची वाळू पोत्यात भरून तिथं ठेवली. सुभद्राच्या वजनाच्या अंदाजानं भरली. पोतं बांधलं आणि घाटाला लागलो.

चढताना काही कळत नाही, ब्रेकची परीक्षा उतरताना. वरच्या वळणापासून परत फिरलो. पहिल्या दोन वळणांना ब्रेक इतका छान लागला की मला बरं वाटलं. घाटात उतरणाऱ्या ट्रकांच्या लायनरचा जळका वास सारखा असतो, त्यामुळे आपल्या गाडीचा वास वेगळा कळला नाही. तिसऱ्या वळणाला ब्रेक दाबला, सोडला, तर सुटेना. लिव्हर मोकळा, चाक धरलेलं. डोलीच्या गाडीचं चाक असं धरलं की डोली आपल्या वजनानं पुढे रेटते आणि गाडी उजवीकडे खेचली जाते. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर. समोरून ट्रक वर येत होता. त्याच्या बंपरवरची लिंबू-मिरची मला दिसली. हँडलला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखा डावीकडे जोर लावला. ट्रकवाल्यानं त्याच्या बाजूची माती धरली. गाडी आडवी होऊन रस्त्याच्या मधोमध थांबली, इंजिन बंद, ताटलीतून धूर.

ट्रकवाला खाली उतरला आणि आईवरून सुरू झाला. माझं तोंड बघून मध्येच थांबला. डब्यातलं पाणी दिलं. पोत्याकडे बोट करून म्हणाला, बरं झालं बाबा, इथं माणूस नव्हतं.

मी बराच वेळ मैलाच्या दगडावर बसलो. पोत्याच्या जागी आक्का बसणार होती.

गाडी गार झाल्यावर चाक आपोआप सुटलं, तेव्हा उमगलं. अल्युमिनियम तापलं की बिडापेक्षा जास्त फुगतं. ट्रकच्या ब्रेकात जागा सैल असते, तिथं चालून जातं. माझ्या कॅलिपरात बोटानं सरकणारा पिस्टन गरम झाल्यावर पाचरीसारखा बसला. बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

कर्जत

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मध्ये तेवढाच दिवस. कर्जतला दत्तू मिस्त्रीचं लोखंड कातायचं लेथ आहे. भाताच्या गिरण्यांची, पंपांची कामं करतो. आमच्या कारखान्याचीही कामं पूर्वी त्याच्याकडे जात. सकाळच्या गाडीनं गेलो. रस्त्याला भातं पिवळी पडलेली, लवकर येणाऱ्या हळव्या भाताची कापणी सुरू. बाजारात झेंडूचे ढीग. टांगे, रिक्षा, सायकली, सगळं धुऊन उभं केलेलं.

मिस्त्रीच्या दुकानात पाऊल टाकलं. पाने, हातोडे, करवती पाटावर ओळीनं मांडून हळदकुंकू लावलेलं. लेथ तेवढं राहिलं होतं. त्याच्यावर घालायचा हार खुंटीला टांगलेला.

मिस्त्री म्हणाला, “आज नाय बाबा. आईचा सैपाक झाला की मशीन पूजेला बसनार. मंग उद्या पूजा उठंपरेंत हात लावायचा नाय. परवा या.”

ही रीत मला माहीत होती. वर्षभर राबणाऱ्या हत्याराला दीड दिवस विसावा द्यायचा, ही गोष्ट वाईट नाही. कारखान्यात माणसांना एवढाही मिळत नसे. पण परवा माझ्या काय कामाचा? मी कॅलिपर त्याच्या पुढ्यात ठेवला. अल्युमिनियमच्या पिस्टनवर उभे ओरखडे पडले होते. त्यानं ते उजेडाकडे धरले.

“हे कुनी घातलं?”

“मी.”

“मरायचंय काय?”

“मरायचं असतं तर कर्जतला आलो नसतो.”

तो हसला. मग मी आक्काचं सांगितलं, सुभद्रा काय म्हणाली तेही सांगितलं. त्यानं दुकानामागच्या घरातल्या चुलीकडे कान दिला. आत फोडणीचा आवाज आला होता. म्हणाला, पितळेचा दांडा तयार आहे, पितळ लोण्यासारखं कापलं जातं, आई यायच्या आत दोन्ही होतील.

कोपऱ्यात एका मोडक्या पंपाचा शाफ्ट पडला होता. स्टीलचा, माझ्या पिस्टनपेक्षा जाड. असे शाफ्ट मी वर्षानुवर्षं पाहिले आहेत. बिडाच्या पंपात दिवसरात्र फिरतात, बाहेर काढले तर हात लावू देत नाहीत इतके तापलेले, पण आत कधी अडकत नाहीत. गंजही धरत नाहीत. पितळ मऊ. रस्त्याची धूळ आत गेली की त्याला चरे पडणार, आणि तापलं की तेही बिडापेक्षा जास्त फुगणार. घाटात एकदा ते पाहिलं होतं. मी शाफ्टकडे बोट केलं.

मिस्त्रीनं मान हलवली. म्हणाला, ते कडक आहे, हत्यार खाईल, आईच्या आधी एक झाला तरी नशीब. एका पिस्टननं ब्रेक होत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पितळेचे दोन खात्रीनं मिळत होते. स्टीलचा कदाचित एकच, म्हणजे काहीच नाही, म्हणजे आक्का घरी.

“पितळेवर म्हातारीला बसवशील?” मी विचारलं. “तुझ्या आईला बसवशील?”

त्यानं पितळेचा दांडा बाजूला ठेवला. शाफ्टचा तुकडा कापायला घेतला.

त्यानंतरचा वेळ मला आठवतो तो कानानं. स्टीलवर हत्यार किरकिरत होतं. आत झारा वाजत होता. दोनदा हत्याराची धार गेली, दोनदा त्यानं दगडावर लावली. पहिला पिस्टन उतरला, तेल आणि पॉलिश पेपर लावून गुळगुळीत केला. कॅलिपरच्या भोकात वरून सोडला तर पडला नाही, हवा दाबत दाबत हळू खाली बसला. तसाच पाहिजे. दुसरा लेथच्या फिरत्या जबड्यात, चकात धरला, अर्धा झाला, आणि मिस्त्रीची आई ताट घेऊन दारात उभी राहिली. नऊवारी, कपाळावर कुंकवाची जागा मोकळी, नऊ दिवसांच्या उपासानं तोंड सुकलेलं. मशीनची पूजा झाल्यावर उपास सुटायचा होता.

“दत्तू, बंद कर.”

“आई, एकच राह्यलाय.”

“बंद कर म्हनले ना.”

त्यानं बंद केलं. चक फिरत फिरत थांबला. मी भिंतीला टेकलो. म्हातारी ताट घेऊन लेथजवळ गेली आणि थबकली.

“ह्ये काय हाय त्याच्या तोंडात?”

“या बाबांचं काम.”

ती माझ्याकडे वळली. तुमी कुठलं, तिनं विचारलं. मी खोपोलीचा, बुद्धवाड्यातला, असं लगेच सांगून टाकलं. मी नेहमी आधीच सांगतो, म्हणजे पुढचं काय ते लवकर कळतं. तिच्या तोंडावर काही हललं नाही. काम कसलं, कोणासाठी, सगळं विचारून घेतलं.

“बाई कशानं गेली?”

“काविळीनं.”

“कदी?”

“उन्हाळ्यात.”

ती लेथकडे बघत राहिली.  मी म्हटलं, तुमचा सण आहे तसा उद्या आमचाही आहे, मला हात जोडता येत नाहीत पण विनंती करतो. विनंती हा शब्द मी पूर्वी कधी वापरल्याचं आठवत नाही.

म्हातारी मुलावर डाफरली. “तोंडात घास धरून कुनाला पूजेला बसवत्यात व्हय रं? गिळू दे त्याला आदी.”

ताटावर फडकं झाकून ती तेलाच्या डब्यावर बसली. आतला भात निवत होता, तिचा उपास लांबत होता, आणि ती तशीच पिस्टन कापला जाताना बघत बसली. मध्ये एकदा म्हणाली, लई वरडतंय रं. मिस्त्री म्हणाला, कडक हाय आई. ती म्हणाली, तुझ्या बापावानी. दुसरा पिस्टनही हवा दाबत खाली बसला तेव्हा तीच आधी उठली.

हार चढला, कुंकू लागलं. तिनं मला फूल पुढे केलं. मी म्हटलं, मी पूजा करत नाही.

“मंग काय करता?”

“मशीनला तेल घालतो.”

“घाला. त्याला काय, पोटात गेलं म्हंजी झालं.”

मी स्टीलचे कीस झाडले, चक पुसला, जिथं जिथं तेल लागतं तिथं घातलं. त्यांची पूजा, माझं तेल, एकाच वेळी झालं. मग जेवायला थांबवलं. मला ओटीवर बसवलं. आत का नाही, हे मनात आलं. पण मिस्त्री स्वतःचं ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला, म्हणून मी बसलो. वालाचं बिरडं, भात आणि तांदळाची खीर. आमच्याकडेही दुसऱ्या दिवशी खीरच असते. तिची जास्त पातळ होती. चव चांगली होती, हे मात्र मी म्हातारीला तोंडावर सांगितलं.

कोंडाणे

संध्याकाळी उजेड होता तोवर पिस्टन बसवले. रबरी कडीतून पिस्टन आत जाताना थोडं ओलं करावं लागतं. भिंतीच्या कोनाड्यात सुभद्राची एरंडेलाची बाटली होती, तेच बोटभर लावलं. पट्टीनं लिव्हर बांधला, हवा काढली. या खेपेला तोंड बंद ठेवलं.

दसऱ्याला सकाळी आधी घाट. पोतं डोलीत. त्याच वळणावर मुद्दाम ब्रेक तापवला, वास येईपर्यंत. मग दाबला, सोडला. सुटला. परत दाबला, सोडला. सुटला. ताटलीवर पाणी शिंपडलं तर चर्रकन उडालं आणि चाक तरीही हातानं फिरत होतं. पण रिकाम्या रस्त्यावरची परीक्षा ती परीक्षा. खरी परीक्षा आक्काला बसवल्यावर.

कर्जत ओलांडलं की कोंडाण्याचा रस्ता नदीच्या कडेनं आत जातो. पुढे पुढे तो रस्ता राहत नाही, बैलगाडीची वाट होते. समोर राजमाचीचा डोंगर भिंतीसारखा, त्याच्या पोटात आमच्या भिक्खूंची जुनी लेणी. सुभद्रा दर वर्षी गाडीतूनच तिकडे हात जोडायची. घरांच्या दारांना झेंडू आणि भाताच्या लोंब्यांची तोरणं. शेवटचा चढ आहे, त्याला डोंगरपाण्यानं चर पाडलेत. चढताना मी तो नीट बघून घेतला. उतरताना तिथं डावं वळण लागणार होतं.

आक्का पांढरं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. गाडीचा आवाज ओळखून उठली, काठी टेकत डोलीपर्यंत आली आणि हात आत घातला. हाताला पोतं लागलं. तिनं ते चाचपलं.

“ह्ये काय?”

“वाळू.”

“माझ्या भनीच्या जागी वाळू आनलीस?”

मी सांगितलं की वजन नसलं तर डोली उचलते. तिला ते माहीत होतं, पण ती ऐकायला तयार नव्हती. घाटातलं तिच्यापर्यंत पोचलं होतं, कसं कोण जाणे. म्हणाली, ती गेली, आता तू जायला निघालास, आणि मला न्यायला आलास व्हय. मी नाय येत. झेंडा हितं बसून बी चढतो.

मी गोड बोलून समजूत घालणारा माणूस नाही. तिला सरळ सांगितलं. पहिल्यांदा पिस्टन निवडताना मी चुकलो. दुसऱ्यांदा एका उपाशी बाईला थांबवून नवे करून घेतले. आज सकाळी तापवून बघितले. याच्यापेक्षा जास्त मला करता येत नाही. तू नाही आलीस तर वाळू घेऊन परत जातो आणि विहारात वाळू उतरवतो.

आक्कानं पोत्यावरचा हात काढला. मग काठीनं पोत्याला ढोसलं.

“काढ ते. पोत्यापरीस मी बरी.”

वाळू तिच्या अंगणात ओतली. तिनं आधी कोरा चहा आणि सुकट-भाकरी खायला लावली, उपाशी माणसाच्या हातात जीव देणार नाही म्हणाली. मग डोलीत बसली. पाखरासारखी हलकी. पोत्याच्या निम्मी नव्हती. आक्का, डावं वळण आलं की ओरडून सांगतो, असं मी म्हटलं. इंजिनच्या आवाजात मला काय ऐकू येतंय, असं तीच म्हणाली. माझ्या मागची बैठक मोकळी होती. तिच्या खांद्यावर ठेवायला हात नव्हता.

उताराला लागलो. मागचा ब्रेक धरून हळू निघालो. चर चुकवला. वळणाच्या तोंडाशी आलो आणि समोर भाताच्या पेंढ्यांनी भरलेली बैलगाडी, चढाला बैल अडून आडवे झालेले, गाडीवान खाली उतरून दोर ओढतोय. थांबलो नाही तर बैलांवर. थांबून पुढचं चाक अडकलं तर उजवीकडे नदी.

पुढचा ब्रेक दाबला. धरला. गाडी उजवीकडे ओढायला लागली. सोडला. सुटला, लगेच, कापसासारखा. हँडल डावीकडे टाकलं, बैलांच्या शिंगांच्या आणि डोंगराच्या मधून वाट होती तिच्यात शिरलो. मी आक्काला हाक मारणार होतो, पण तेवढा वेळच नव्हता. आता चाक उचलणार म्हणून डोलीकडे पाहिलं. चाक जमिनीवर होतं. आक्का कठड्याला धरून पार बाहेर कललेली, पदर धुळीला लागतोय, बैलगाडीच्या पेंढ्या माझ्या खांद्याला घासून त्यातल्या लोंब्या तिच्या डोक्यावर गळतायत.

खाली सपाटीला आल्यावर गाडी थांबवली.  तिनं केसातली लोंबी काढली.

“आक्का, वळण दिसलं तुला?”

“नाय रं. मला काय दिसतंय.”

“मग कललीस कशी?”

ती पदर झटकत होती. म्हणाली, “तिच्या हाताची वाट बगत व्हते. हात काय पडला नाय. मंग तू बिरेक लावलास. म्हनलं, वळान आलं.”

पुढचा रस्ता बहुतेक सपाट आहे. कर्जत, पळसदरी, मग खोपोली. बऱ्याच वळणांना ब्रेकची गरजही नसते. मी प्रत्येक डाव्या वळणाच्या आधी तो एकदा हलकेच दाबला आणि सोडला. प्रत्येक वेळी आक्का कलली. विहाराच्या दारात पोचलो तेव्हा ध्वज अजून चढायचा होता.